बाबांच्या पोटावरची झोप

गल्लीत सगळे त्याला पाववाला म्हणत. लोक साखरझोपेत असताना हा भट्टीपुढे घाम गाळी आणि लोकांचा दिवस रंगात आला की घरी येऊन आडवा होई. येताना बालवाडीतून लेकीला खांद्यावर घेऊन यायचा. तिला सगळे चिमणी म्हणत. बायको पोस्टात नोकरीला, ती दिवेलागणीला परते. तोवर दुपार बापलेकीची. तो सतरंजीवर पसरे, चिमणी त्याच्या पोटावर. त्याच्या वाट्याला लेक यायची ती एवढीच.

रात्री मात्र चिमणीचे डोळे टक्क उघडे. गोष्टी संपत, पाणी पिऊन होई, शू होई, आई मेटाकुटीला येई. शेवटी चिमणीच्या मावशीने एक बाटली आणली. आत अस्वलाच्या आकाराच्या गुलाबी गोळ्या.

"ताई, मेलाटोनिन आहे, झोप यायचं औषध. आमच्याकडे सर्रास देतात. एक चघळली की पोर गार!"

"पोर आहे की सरबत, गार करायला?" पाववाला म्हणाला.

बायकोने बाटली उघडली नाही. कपाटावर उंच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे औषध आहे, खाऊ नव्हे. काही मुलांना लागतं, तेव्हा आम्ही बघून, ठरवून देतो. आधी सांगा, दुपारी झोपते का?"

"छे! नुसती लोळते माझ्या पोटावर," तो छातीठोकपणे म्हणाला.

"बाबा घोरतात, मग मी पण झोपते," चिमणीने सांगून टाकलं. "आईची किल्ली वाजली की उठतो आम्ही."

बायकोने कपाळाला हात लावला. त्याचाही इलाज नव्हता. पाठ टेकताच तो ढाराढूर. लेक झोपली की नाही, हे बघायला जागा होता कोण?

"आधी ही झोप बंद करून बघा," बाई हसत म्हणाल्या. "तरी जमलं नाही, तर परत या. मग गोळीचा विचार करू."

बाहेर पडताना त्याचा चेहरा उतरला होता. दुपार गेली म्हणजे लेकच गेली. 'त्यापेक्षा गोळी बरी' हे शब्द अगदी ओठांवर आले. खांद्यावरची चिमणी त्याचे कान ओढत होती. त्याने शब्द गिळले.

दुसऱ्या दिवशी त्याने बेकरीतून मैद्याचा गोळा आणला. बापलेकीने कासवं केली, साप केले. त्याला डुलकी लागली की चिमणी नाकाखाली मैद्याची मिशी चिकटवी. "बाबा, झोपायचं नाही! डॉक्टरीणबाई रागावतील!" पहिले काही दिवस दोघंही किरकिरी. बायको म्हणायची, "मला दोन-दोन पोरं सांभाळावी लागताहेत."

मग एका संध्याकाळी चिमणी ताटावरच पेंगायला लागली. तिच्या शेजारी तिचे बाबाही.

बायको हात पुसून गोष्टीचं पुस्तक घेऊन आली. "अहो, आज कुठली वाचू?"

सतरंजीवर तो पसरला होता, पोटावर चिमणी, आणि घोरणं कोणाचं हे ओळखू येत नव्हतं. तिने कपाटावरची बाटली काढून मावशीला परत द्यायच्या पिशवीत टाकली आणि दोघांवर एकच चादर घातली.