पुरे म्हटलं की

मलकापुरात स्टेशनजवळच्या बेघर निवाऱ्यात संध्याकाळचा स्वयंपाक मी करते. चाळीसेक माणसांचं वरण, भात, भाजी, पोळ्या. लग्नाकार्यात रांधून हात बसलाय, त्याचं काही वाटत नाही. पण रोज अर्धं पातेलं भात उरायचा आणि मी वैतागायची. "रस्त्यावर राहून राहून या लोकायची भूकच मेली," असं बेधडक बोलायची. कोणी ऐकतंय का, तेही बघायची नाही.

त्यांच्यात एक बाबा आहेत, बोलण्यावरून जानेफळकडचे. पहिला डाव वाढला की ताटावर हात आडवा. "पुरे, बाई." बरं बाबा, पुरे तर पुरे. मी पुढे.

गेल्या आठवड्यात जेवणं उरकल्यावर मोरीकडे गेले, तर हे बाबा पाठमोरे बसून पातेल्याच्या बुडाचा करपलेला भात खरडून खात होते. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत ओरडले, "काऊन हो बाबा! ताटात वाढते तवा पुरे म्हनता, आन आता चोरून खाता?"

ते उठले. हात धोतराला पुसला. खाली बघत म्हणाले, "बाई, तुमी एकदाच इचारता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अहो, आपल्याकडे पंगतीत पहिल्यांदा हो कोण म्हणतं? जेवणाऱ्यानं नाही म्हणायचं, वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, मग कुठे हात बाजूला घ्यायचा. लग्नात व्याह्यांना लाडू वाढताना मी शपथा घालते. आणि इथे? फुकटच्या जेवणाला कसला आलाय आग्रह! खोटं कशाला बोलू, हेच होतं माझ्या मनात.

दुसऱ्या दिवशी डाव घेऊन बाबांपुढे उभी राहिले. हात आडवा आलाच. "पुरे."

"काय पुरे! माह्या गळ्याची आन हाय, घ्या."

हात हळूच सरकला. शेजारची म्हातारी हे बघत होती. तिच्यापुढे गेले, तर रोज मुकाट्यानं वाढून घेणाऱ्या तिनेही ताटावर हात धरला. मग तिच्या पुढच्यानं. बघते तर सगळ्या रांगेचे हात ताटांवर आणि डोळे माझ्याकडे. एकेकाला आग्रह करत गेले, पण कुणाच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना.

त्या दिवशी भात कमी पडला.