भावोजींचं चिलखत

आमच्या आळीच्या मंडळाने त्या वर्षी तिथीच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत जिवंत देखावा करायचं ठरवलं. शहापुरात पोशाख भाड्याने मिळायचे, पण ते पत्र्याला टिकल्या चिकटवलेले, अगदी बँडवाल्यांसारखे. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. रांगोळी, मेकअप, कागदकाम यात हात बरा चालायचा. बैठकीत मी म्हटलं, "चिलखत मी करते. खरं वाटेल असं."

मागे बसलेला मंडळाचा एक कार्यकर्ता म्हणाला, "पोरी काय चिलखत करनार? रुखवत करतील फार तर."

सगळे हसले. त्या हसण्यानेच मला कामाला लावलं.

लोखंड मला जमणार नव्हतं आणि पुठ्ठा घामाने लोळागोळा होतो. बाजारात चपला बनवणारे एक ओळखीचे काका होते. त्यांच्याकडे चपलांच्या तळांसाठी फोमचे ताव यायचे. हलके, पण गादीतल्या फोमसारखे मऊ नाहीत, दाबले तरी आकार धरून ठेवणारे. कापून उरलेले मोठे तुकडे त्यांनी मला दिले. घरी वर्तमानपत्राचा नमुना कापला, वडिलांच्या छातीला लावून बघितला आणि ब्लेडने फोम कापला. तो सपाटच राहिला. छातीवर पाटी बांधल्यासारखा दिसायचा.

मग एक दिवस एक तुकडा शेगडीजवळ पडला आणि उबेने आपोआप वळला. मला केवढा आनंद झाला. फोम विस्तवावर उंच धरायचा, नरम पडला की आईच्या पाण्याच्या हंड्यावर दाबून बसायचं. गार झाला की हंड्याचा फुगवटा त्यात उतरलेला असायचा. खांद्यांसाठी पातेली घेतली, शिरस्त्राणासाठी दुधाची कासंडी. आई म्हणाली, "हंड्याला चिकटलं ना, तर पानी तुझ्या कॉलेजातून भरून आणीन."

माशाच्या खवल्यांसारखे तुकडे कापून एकावर एक चिकटवले. चंदेरी रंग दिला आणि फटींत बुटाचं काळं पॉलिश घासून पुसलं. हात मागे घेऊन बघितलं तर समोर लोखंड होतं. पण एक चूक झाली होती. फोमची जाडी मी मापात धरलीच नव्हती. आतून ते चांगलंच आवळ झालं. मंडळाने सरदार म्हणून जो निवडला होता, त्याच्या पोटावर ते बसेचना.

तेवढ्यात ताई आणि भावोजी होळीला आले. लग्नानंतरची त्यांची पहिलीच होळी. भावोजी मुरबाडकडचे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातले. उंच, सडसडीत, कमी बोलणारे. त्यांनी ओटीवर ठेवलेलं चिलखत बघितलं, बोटाने टकटक केलं आणि आवाज येईना म्हणून हसले. मी म्हटलं, "घालून तर बघा." त्यांना ते बसलं. जणू त्यांच्यासाठीच केलं होतं.

आई आत नेऊन मला म्हणाली, "जावयाला रस्त्यावर उभा करतेस? त्यांच्या घरचे काय म्हनतील?"

भावोजींनी ते ऐकलं. "करतो मी, आई. तिची एवढी मेहनत वाया जायला नको."

जावई माणूस. मेहुणीने सगळ्यांदेखत मागितल्यावर नाही म्हणायची सोय त्यांना नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही.

मिरवणुकीच्या सकाळी पाठीवरचं बक्कल तुटलं. जुन्या दप्तराचं काढून लावलेलं होतं ते. दुसरं शोधायला वेळ नव्हता. मी दाभण आणि सुतळी घेतली आणि भावोजींना उभं करून चिलखत त्यांच्या पाठीवरच शिवून टाकलं. आत जाड अंगरखा होता. वर फोमचं शिरस्त्राण, गालावर रंग, ओठावर गोंदाने चिकटवलेली मिशी.

"आता श्वास घेऊ का नको?" त्यांनी विचारलं.

"हळूहळू घ्या," मी म्हटलं. दोघेही हसलो.

मिरवणुकीचे प्रमुख पाहुणे उशिरा आले. ट्रॅक्टरची ट्रॉली हलली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. देखाव्यात हलायचं नाही, हीच तर सगळी गंमत. एक पाय दगडावर, हातात तलवार, नजर लांब. मी ट्रॉलीच्या बाजूने चालत होते. बाया एकमेकींना विचारत होत्या, "मानूस हाय का पुतळा गो?" बैठकीत रुखवताचा टोमणा मारणारा तो कार्यकर्ता माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मानलं तुला." माझे पाय जमिनीवर नव्हते.

पेठेच्या तोंडाशी भावोजींचे ओठ हलले. मी चाकावर पाय देऊन वर झाले.

"पानी मिळेल का?" ते मान न हलवता म्हणाले.

"मिशी सुटेल, भावोजी. चौकात परीक्षक बसलेत. एवढा चौक होऊ दे, मग देते."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "बरं."

थोडं पुढे गेल्यावर मी पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा कोरडा झाला होता. मघापासून गालांवरून घाम ओघळत होता, तो थांबला होता. रंग जागच्या जागी होता. माझा मेकअप टिकला, म्हणून मला बरं वाटलं. आजही इतर काही आठवलं नाही तरी हे आठवतं.

चौकात आधी तलवार पडली. लोकांना वाटलं, देखाव्यातलाच प्रसंग आहे. टाळ्या झाल्या. मग भावोजी गुडघ्यांतून दुमडले आणि तोंडावर पडले. टाळ्या अजून चालूच होत्या.

त्यांना उसाच्या रसाच्या दुकानात नेलं. शिरस्त्राण निघालं, पण चिलखत निघेना. दोघेतिघे ओढत होते आणि ते ओढतील तसा फोम आणखी आवळत होता. ताई दुकानांच्या पायऱ्यांवर उभी राहून मिरवणूक बघत होती. ती गर्दीतून धावत आली.

"कोनी शिवलं हे?" ती ओरडली.

"मी."

दुकानदाराने कोयता पुढे केला. मी हात लांबवला तर ताईने तो ढकलला. "तू हात लावू नको." तिने कोयता स्वतः घेतला. मी मागून सांगत राहिले, "खालची गाठ काप, ताई. खालची. मग वरचं सुटेल." गाठ कुठे आहे हे मलाच माहीत होतं. शेवटी चिलखत पाठीवर उभं फाटलं आणि आतून वाफ आल्यासारखी ऊब आली. भावोजींचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावलं. उष्माघात होता; घाम थांबणं हीच त्याची खूण, हे मला तिथे कळलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी प्यायले होते का मध्ये?"

"मागितलं होतं," मी म्हटलं. "मी दिलं नाही."

ताईने माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी भावोजी शुद्धीवर आले. ताईने त्यांना पहिलं तेच विचारलं. त्यांनी माझ्याकडे नजर टाकली आणि म्हणाले, "मी कुठं पानी मागितलं? मला नाय आठवत."

"तुमी उगाच पांघरूण घालू नका," ताई म्हणाली. भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी त्यांची आई मुरबाडहून आली. लेकाच्या पाठीवर सुतळीचे लाल वळ होते, ते तिने बघितले. आवाज न चढवता म्हणाली, "तुमच्याकडं जावय म्हनून धाडला व्हता. बाहुला म्हनून नाय." माझ्या आईने खाली मान घातली. माझ्यामुळे तिने मान खाली घातलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

ते तिघे गेल्यावर मंडळाची माणसं ढाल घेऊन घरी आली. आमच्या देखाव्याला पहिला नंबर मिळाला होता. खोटं कशाला सांगू, ते ऐकून क्षणभर मला आनंद झाला. पुढच्याच क्षणी त्या आनंदाची किळस आली. आईने ढाल उंबऱ्यावरूनच परत पाठवली.

भावोजी बरे झाले, पण उन्हाचं काम त्यांना सोसेना. थोडं तापलं की घेरी यायची. उन्हाळ्यात भाताच्या रोपांची जागा भाजायची असते. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून तो राब पेटवायचा. त्या वर्षी ते काम सासू-सासऱ्यांवर आणि ताईवर आलं. आईकडून हे कळलं तेव्हा मी कोणाला न विचारता एसटीत बसले. किन्हवलीवरून मुरबाड, तिथून दुसरी गाडी आणि मग पायी.

ताई मला बघून आत गेली. तिची सासू म्हणाली, "आलीस तं पाला उचल."

मी उचलला. दिवसभर डोक्यावरून भारे वाहिले, पसरले. भावोजी बांधावरच्या झाडाखाली बसून वारा कुठून आहे ते सांगत होते. त्यांना असं सावलीत बसून दुसऱ्यांना राबताना बघायची लाज वाटत होती. मला ते दिसत होतं, आणि तीही लाज मीच त्यांना दिली होती. राब पेटला तेव्हा धुराने सगळ्यांचेच डोळे गळत होते, म्हणून मला लपवावं लागलं नाही.

दुपारी ताई भाकरी घेऊन आली. माझ्याकडे पाठ करून बसली. भाकरी मोडता मोडता, न वळता म्हणाली, "हाताला फोड आलाय तुझ्या. दाखव."

मी हात पुढे केला. तिने बघितला आणि खाली ठेवला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत भावोजी हळूहळू पहिल्यासारखे शेतात जायला लागले. त्यांची आई मला आता नावाने हाक मारते, सणाला बोलावते. मी नंतर शाळांच्या नाटकांसाठी बरीच चिलखतं केली. पुढून बांधायची, एका ओढीत सुटणारी. लोकांना ती आवडतात. भावोजी तर लग्नकार्यात तो किस्सा रंगवून सांगतात, टाळ्या कशा पडल्या तेही सांगतात आणि सगळे हसतात. पाण्याचं ते कधीच सांगत नाहीत.

पण मांडवात ऊन सरकून त्यांच्या खुर्चीवर आलं, की ताई बोलणं अर्धवट सोडून उठते आणि त्यांची खुर्ची सावलीत ओढते. तेव्हा ती माझ्याकडे बघत नाही. मीही तिच्याकडे बघत नाही.