दौंड – कंपनी, दौंड – घर

शिरूरच्या बाहेर नगर रोडवर आमचा कारखाना होता आणि मी मेंटेनन्सला होतो. एका वर्षी नवे साहेब आले. पुण्यात कसलंसं तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आले आणि आल्या आल्या आम्हा चौघा इंजिनिअरांच्या हातात एकेक पामटॉप ठेवला. तळहातात मावणारं, काडीनं टोचून लिहायचं यंत्र. त्यात कामांच्या यादीचं सॉफ्टवेअर होतं. साहेबांचं म्हणणं असं की काम कधी जड नसतं, ते कुठल्या खणात ठेवायचं हे न कळल्यानं जड होतं. म्हणून प्रत्येक कामावर दोन शिक्के मारायचे. एक, ते कुठल्या प्रोजेक्टचं; दुसरा, ते कुठं असताना करायचं. फोनजवळ, टेबलाशी, शॉपवर म्हणजे मशीनपाशी, बाहेरगावी. आपण जिथं असू तेवढीच यादी उघडायची, बाकीची डोळ्याआड.

दर सोमवारी मीटिंगमध्ये साहेब यंत्रं तपासत. शाळेत नखं तपासतात तशी.

बाकीच्या तिघांनी चार कामं टोचली आणि यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. मूर्ख निघालो तो मी. जेवणाची सुट्टी मी यादी लावण्यात घालवू लागलो. वीस मिनिटांत बदलता येणारं बेअरिंग 'शॉप'मध्ये टाकावं की 'वाट पाहणे'मध्ये, यावर अर्धा तास विचार करी, आणि तोवर ते बेअरिंग तिकडं किंचाळत असे. साहेबांनी मला उभं करून माझं यंत्र सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, "बघा, डोकं रिकामं ठेवणं म्हणतात ते हे."

डोकं रिकामं होतं, यात शंका नाही.

त्याच दिवसांत माझ्या वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. आम्ही केंदूरचे; मी शिरूरला खोली घेऊन राहायचो, रविवारी गावी जायचो. आजोबांपर्यंत घर मेंढरांमागं हिंडलं, वडिलांनी विहीर खणून कांदा लावला. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांना समोरचं माणूस आवाजावरून ओळखावं लागायला लागलं, तरी ते कुणाला सांगेनात. एकदा कांद्याच्या वाफ्यात खुरपायला बसले आणि गवत ठेवून कांदाच उपटत गेले. आईनं ओरडून उठवलं तेव्हा कुठं शिरूरच्या डॉक्टरकडं यायला तयार झाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, दौंडला चांगला दवाखाना आहे. दौंडला रेल्वे कॉलनीत आत्या राहायची, त्यामुळं राहायचीही सोय होती. फक्त आधी जाऊन तारीख घ्यायला हवी होती.

"मी घेतो," मी म्हणालो, आणि तिथल्या तिथं यंत्र काढून टोचलं. प्रोजेक्ट 'आबा'. ठिकाण 'दौंड'.

आता ऐका. मी दर गुरुवारी दौंडला जातच होतो. आमच्या मशीनच्या जळालेल्या मोटारी तिथल्या एका दुकानात रिवाइंडिंगला, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायला असत, त्या आणायला कंपनीची जीप जाई. डोळ्यांचा दवाखाना त्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर. पण माझ्या यादीत 'दौंड'खाली मोटारी आणि आबा एकाखाली एक आले, ते मला गबाळं वाटलं. मी दौंडचे दोन भाग केले. 'दौंड – कंपनी' आणि 'दौंड – घर'. गुरुवारी मी कंपनीच्या कामानं गेलेला, म्हणून 'दौंड – कंपनी' उघडायचो. मोटारी मोजून घ्यायचो, एकेकीपुढं टिक करायचो आणि समाधानानं परत यायचो. 'दौंड – घर' रजेच्या दिवशी उघडायची होती. रजा मी घेत नव्हतो, कारण रजेच्या दिवशी यादी पुढं सरकत नाही.

रविवारी गावी गेलो की आबा विचारायचे, "कवा जायचं रं?"

"यादीत आहे, आबा."

"बरं," म्हणायचे. यादीत असणं म्हणजे कुठल्यातरी सरकारी कचेरीत नंबर लागणं, असं त्यांना वाटत असावं. असे तीन महिने गेले.

मग एका गुरुवारी मी रिवाइंडिंगच्या दुकानात उभा असताना मोबाइलवर आईचा फोन आला. शेजाऱ्यांच्या घरून बोलत होती.

"तू दौंडातच हायस ना? मग येताना आबांना घिऊन ये. डोळ्याचं झालं."

"काय झालं?"

"ऑपरेशन झालं. वन्सं सोमवारीच येऊन घिऊन गेल्या त्यांना. तुला सांगायचं न्हाई म्हनाले."

मी गल्ल्या ओलांडून गेलो. चालत तीन मिनिटंही लागली नाहीत. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर आबा बसले होते, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. शेजारी आत्या मोसंबी सोलत होती. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"दर गुरुवारी येतोस म्हनं हितं?"

"कंपनीच्या कामाला येतो, आत्या."

"व्हय. आन् ह्यो दवाखाना कंपनीच्या वाटंत लागत न्हाई, न्हाई का?"

मी यादीचं समजावू लागलो. कंपनीचं दौंड वेगळं, घरचं दौंड वेगळं. आत्यानं मोसंबी सोलणं थांबवलं आणि तोंड उघडं ठेवून ऐकलं. मग आबांकडं वळून म्हणाली, "दादा, तुझा एक डोळा तरी नीट झाला. ह्याचं कुनाला दाखवायचं?"

आबा हसले नाहीत. "कामात असंल पोरगं," एवढंच म्हणाले. आत्याचं बोलणं मी पचवलं असतं, हे नाही पचलं.

आणि तरी ऐका मी काय केलं. परतताना जीपमध्ये आबा पुढं बसले होते, मी मागं मोटारींजवळ. मी यंत्र काढलं, 'दौंड – घर' उघडलं आणि आबांच्या नावापुढं टिक केली. काम झालं होतं ना! सोमवारी साहेबांनी पाहिलं आणि खूश झाले. "घरची यादीसुद्धा क्लिअर! शिका जरा याच्याकडून." तिघांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून बसलो, पण नाही म्हणालो नाही.

दुसऱ्या डोळ्याची तारीख महिन्याभरानं होती, तीही नेमकी सोमवारी. मी रजेचा अर्ज दिला. साहेबांनी विचारलं, "हे तुझ्या यादीत दिसत नाही?"

"टाकलं नाही साहेब."

"मग लक्षात कसं राहिलं?"

मी "जातो साहेब" म्हणून निघालो. त्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिलो. आत्या शेजारीच होती, माझ्याकडं पाठ करून. मोसंबी मात्र दिली.

पट्टी निघाल्यावर आबांना आमचं रान पुन्हा लख्ख दिसू लागलं. बांधावरचं गवत, वाकडे वाफे, विहिरीत पडलेला पाला, सगळं दिसलं. आठवडाभर त्यांनी आईला आणि रविवारी मला अशा शिव्या दिल्या की विचारू नका.