परीक्षा यंत्राची होती

हॉस्पिटलात केसपेपर काढायच्या तीन खिडक्या होत्या आणि पहिल्या खिडकीत बाई बसायच्या. एक-दोन नाही, सत्तावीस वर्षं बसल्या. लोक त्यांना 'एक नंबर' म्हणायचे. खिडकीवरून म्हणायचे आणि कामावरूनही. बाईंना ते मनातून आवडायचं. आवडत नाही असं दाखवायच्या खऱ्या, पण कोणी नुसतंच 'ओ बाई' म्हटलं की त्यांची मान चटकन वर व्हायची नाही.

नाव, वय, पत्ता, आधी आला होतात का, हे चार प्रश्न छापील. पाचवा बाईंचा स्वतःचा: "कुठलं औषध अंगाला चालत नाही असं आहे का?" कोणी हो म्हटलं की त्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीची जाड रेघ ओढायच्या. असा नियम कुठल्याच परिपत्रकात नव्हता. पण वरच्या मजल्यावरचे डॉक्टर आधी कोपरा बघायचे आणि मग सुई हातात घ्यायचे. सत्तावीस वर्षांत या रेघेपायी किती जीव वाचले, ते कोणी मोजलं नाही. अशा गोष्टी मोजायच्या असतात हे तरी कोणाला ठाऊक!

तिसऱ्या खिडकीत बाईंची धाकटी जाऊ. दिराचा कारखाना बंद पडला तेव्हा बाईंनीच हेडक्लार्कच्या हातापाया पडून तिला कंत्राटावर चिकटवून दिली होती. धाकटी स्वभावाने गाय, पण कामाला संथ. प्रत्येक नाव दोनदा वाचणार, समोरच्याला परत विचारणार, मग लिहिणार. तिच्या खिडकीपुढची रांग कायम दाराबाहेर. बाई आपल्या खिडकीतून, मधली खिडकी ओलांडून ओरडायच्या, "अगं, तुझा कागद होईस्तोवर पेशंट बरा होऊन घरी जाईल!" रांग हसायची. धाकटीही हसायची. काय करणार? ज्या जावेने नोकरी लावली तिच्यापुढे हसण्याखेरीज दुसरं काय करता येतं?

आणि मग कॉम्प्युटर आले. त्यांच्याबरोबर कंपनीची एक पोरगेलीशी मुलगी आली, जाड चष्म्याची. तिने आल्या आल्या शिकवायला सुरुवात केली नाही. एक स्टूल मागून घेतलं आणि तीन दिवस बाईंच्या पाठीशी गप्प बसून राहिली. नुसतं बघायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी बाईंना वाटलं, ही आपल्यावर नजर ठेवायला बसवलीय. दुसऱ्या दिवशी चष्मेवालीने विचारलं, "ही लाल रेघ कशाची?" बाईंनी सांगितलं. चष्मेवाली वहीत लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. तुमच्या साहेबांनीसुद्धा."

"साहेबांना कुठे माहितीय," बाई म्हणाल्या. "ते खिडकीच्या ह्या बाजूला कधी आलेत!"

साहेब म्हणजे हेडक्लार्क. प्रत्येक कागदावर शेरा मारल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे, म्हणून सगळे त्यांना शेरासाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब.

त्या मुलीचं एक वाक्य बाईंच्या डोक्यात बसलं. चहा पिताना ती म्हणाली होती, "माणूस चुकला की आम्ही माणसाला विचारत नाही. चुकायला जागा कोणी ठेवली ते शोधतो." बाईंना मजा वाटली. असं जग असतं तर काय हवं होतं! इथे तर पेन खाली पडलं तरी मेमो मिळायचा.

तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं, की महिन्याने यंत्र तयार होईल, मग चाचणी. खिडकीतलं कोणीतरी यंत्रापुढे बसेल, दहा पेशंटांची नोंद करेल, आणि करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलेल. "शक्यतो जरा नवीन माणूस द्या," ती शेरासाहेबांना म्हणाली. "ज्यांना वेळ लागतो, जे अडतात, असं कोणीतरी. ही परीक्षा माणसाची नाही, यंत्राची आहे."

शेरासाहेबांनी मान हलवली आणि ती गेल्यावर बाईंना आत बोलावलं. "नवीन माणूस म्हणजे तुमची जाऊ. बसवायची का?"

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. हे खरं सांगायला पाहिजे, क्षणभरही नाही. "छे हो साहेब! ती बसली तर चार लोकांत नाक कापून घ्यायचं काम. कंपनीचे लोक येणार, वरचे अधिकारी येणार. मी बसते."

"तेच म्हणतो मी. हॉस्पिटलचं नाव राखा."

आता परीक्षा यंत्राची, हे वाक्य बाईंनी कानांनी ऐकलं होतं, पण असल्या वाक्यावर कोणाचा विश्वास बसतो? जन्मभर परीक्षा म्हटलं की आपलीच. शाळेत आपली, बघायला पाहुणे आले तेव्हा आपली, खात्यात आपली. त्यामुळे बाईंनी परीक्षेला बसणारा माणूस करतो तेच केलं. अभ्यास केला. चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी यंत्र लावायला आलेल्या तंत्रज्ञाला चहा पाजला आणि तासभर एकट्या यंत्रापुढे बसल्या.

त्या तासात त्या तीनदा चुकल्या. यंत्राची एक खोड होती. नाव टाइप केलं की त्या नावाच्या माणसांची यादी समोर यायची. आपण आपलं माणूस शोधून त्यावर बोट ठेवायला जावं, तेवढ्यात जुन्या रजिस्टरातली नावं मागाहून यायची, वर घुसायची आणि अख्खी यादी एक घर खाली सरकायची. बोट पडायचं ते भलत्याच माणसावर. आणि बोट पडलं की यंत्र काही विचारायचं नाही, थेट केसपेपर छापून बाहेर. एकाच नावाची दोन माणसं असली तर कागद बघूनही कळायचं नाही. फरक काय तो खाली फिकट बारीक अक्षरांतल्या वय-पत्त्यात, आणि तो वाचायला भिंग लागलं असतं.

बाई हुशार. चौथ्या वेळी त्यांनी युक्ती काढली. यादी आली की मनात 'एक, दोन' म्हणायचं, यादी हलून स्थिर होऊ द्यायची, मग बोट. पाचव्या वेळी बरोबर. सहाव्या वेळी बरोबर. तंत्रज्ञ म्हणाला, "वा बाई, एक नंबर!"

दुसऱ्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसून बसल्या. दहाच्या दहा नोंदी बिनचूक. एका नोंदीला सरासरी एक्केचाळीस सेकंद. तोंडाने बोलायला सांगितलं होतं, तर बोलत राहिल्या: "आता नाव टाकते, आता यादी आली, आता हिला घेते." फक्त 'एक, दोन' तेवढं बोलल्या नाहीत. ते मनातच राहिलं. चष्मेवालीने दोनदा विचारलं, "बाई, इथे काही अडतंय का? तुम्ही जरा थांबलात."

"छे! एकदम सोप्पं आहे."

टाळ्या वाजल्या. अधिकाऱ्यांनी वाजवल्या, शेरासाहेबांनी वाजवल्या. बाईंच्या सत्तावीस वर्षांत त्या पहिल्याच टाळ्या. अहो, त्या कोणाला नको असतात? चष्मेवालीने मात्र तोंडदेखल्या वाजवल्या आणि आणखी चार जणांना बसवू या म्हणाली. शेरासाहेब म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" आणि अहवालावर बाईंची सही घेतली. 'अडचण: काही नाही.'

यंत्र सुरू झालं. बाईंनी दुसऱ्या खिडकीला आणि धाकटीला युक्ती शिकवली. "यादी आली की एक, दोन म्हणायचं. मग बोट. कळलं?" धाकटी मन लावून शिकली. मनात न मोजता ओठांनी मोजायची. आठ महिने मोजत राहिली.

आठ महिन्यांत जुनी रजिस्टरं भराभर यंत्रात चढली आणि यंत्र जड झालं. ज्या यादीला दोन आकडे पुरायचे, तिला गर्दीच्या वेळी तीन लागायला लागले, कधी चार. बाईंचे डोळे यादीवर असायचे, त्यांनी आपसूक वाढवून घेतलं. त्यांना स्वतःलाही ते कळलं नाही. धाकटीला जे शिकवलं होतं तेच ती करत राहिली.

एका सोमवारी सकाळी शिवणकाम करणारी एक बाई ताप अंगावर घेऊन तिसऱ्या खिडकीत आली. तिच्या नावाची आणखी एक बाई यंत्रात होती, वयातही दोनच वर्षांचा फरक. रांग दाराबाहेर, मागून आरडाओरडा. धाकटीने 'एक, दोन' म्हटलं आणि बोट ठेवलं. कागद दुसरीचा निघाला. शिवणवालीला एक इंजेक्शन चालत नव्हतं आणि तिच्या नोंदीवर तसा तांबडा पट्टा होता, बाईंच्या रेघेवरून चष्मेवालीने यंत्रात मुद्दाम घातलेला. दुसरीच्या नोंदीवर तो कशाला असेल? वर डॉक्टरांनी कोपरा बघितला. कोपरा कोरा होता. दुपार व्हायच्या आत शिवणवाली गेली.

चौकशी बसली. टेबलामागे तीन माणसं, बाजूला शेरासाहेब. धाकटीला विचारलं, चूक कशी झाली? ती बिचारी रडत एकच सांगत राहिली, "मी एक-दोन मोजले होते हो साहेब. मोजले होते." त्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने लिहून घेतलं: कर्मचारी गोंधळलेली.

मग बाईंना बोलावलं. बाई आदल्या दिवसापासून ठरवून आल्या होत्या की सगळं सांगायचं. सुरुवात बरी झाली. यादी हलते, बोट भलतीकडे पडतं, दोष यंत्राचा आहे, असं ठणकावून म्हणाल्या. शेरासाहेब हसले. "नाचता येईना अंगण वाकडं!"

संताप येतो तो ह्याचा. हजार वेळा वापरून गुळगुळीत झालेली म्हण, आणि इथे अंगण खरोखर वाकडं होतं! पण मधल्या माणसाने अहवाल उघडला, बाईंची सही त्यांच्याकडे फिरवली आणि शांतपणे विचारलं, "दहापैकी दहा. अडचण काही नाही. मग चाचणीत यादी हलली नाही का?"

खरं सांगायचं तर चाचणीच्या आदल्या दुपारचा अभ्यास सांगावा लागणार होता. तीन चुका सांगाव्या लागणार होत्या. माहीत असून सही केली हे सांगावं लागणार होतं, आणि निवृत्तीला उरले होते अकरा महिने.

"तेव्हा... हलली नसेल," त्या म्हणाल्या.

झालं. धाकटीचं कंत्राट त्याच आठवड्यात रद्द झालं. कारण: निष्काळजीपणा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. फक्त इथे संन्याशाच्या गळ्यात दोर अडकवताना घरचाच हात लागला होता.

तीन आठवड्यांनी चष्मेवाली आली. तिने बाईंच्या शेजारी बसून यंत्र उघडलं. यादी पूर्ण आल्याशिवाय बोट चालणार नाही असं केलं, आणि कागद छापायच्या आधी यंत्र नाव, वय आणि पत्ता मोठ्या अक्षरांत दाखवून 'हेच का?' विचारेल असं केलं. या सगळ्याला अर्धा तास लागला. सांगितलेला चहा यायच्या आतच झालं, इतकं ते सोपं होतं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी पाच माणसांसाठी भांडायला हवं होतं. एकावर समाधान मानलं." मग चष्मा पुसत, बाईंकडे न बघता म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी थांबत होतात ना? मला दिसलं होतं. एकदा जरी माझ्यासमोर चुकला असतात बाई!"

बाई घरी आल्या तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. नोकरी गेल्यापासून तिने घरातलं सगळं काम अंगावर घेतलं होतं, जणू काही कोणाचं देणं लागत होती. तिने विचारलं, "दुरुस्त झालं का हो ताई ते?"

"झालं."

"बरं झालं. दुसऱ्या कोणावर पाळी नको."

बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. नवीन माणूस मागितलं होतं, ते. साहेबांनी तुझंच नाव घेतलं होतं, ते. नाक कापलं जाईल म्हणून मीच नको म्हटलं, तो अभ्यास, त्या तीन चुका, ती सही, आणि चौकशीत गिळलेलं वाक्य. काहीही झाकलं नाही. बोलून झाल्यावर वाटलं, आता ही ओरडेल, भांडेल, हातातली भाजी फेकेल. तिने फेकावी असंच बाईंना वाटत होतं.

धाकटीने ताट बाजूला सारलं. तिच्या सवयीप्रमाणे ती बोलायला वेळ घेत होती, आणि या खेपेला बाईंनी तिला घाई केली नाही.

"ताई, मी बसले असते तर पहिल्याच नावाला चुकले असते," ती म्हणाली. "सगळे हसले असते मला. आणि ती बाई आज घरी कपडे शिवत बसली असती."