डार्लीनचा हात स्टिअरिंगवर राहीना

हेडविगबाईंच्या गाडीला जेवढे पोचे होते तेवढे सगळे डाव्या अंगाला. त्याचा त्यांना कोण अभिमान! पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला, हा आमच्या जर्मनीतला कायदा. बाई ताठ मानेनं उजवीकडून यायच्या आणि डावीकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. धडक बसली की खाली उतरून म्हणायच्या, "बघायचं काम तुझं होतं. काढ विम्याचे कागद."

पण वय झालं चौऱ्यांशी. एक दिवस पोस्टाच्या पिवळ्या पेटीसमोर थांबून त्या म्हणाल्या, "काय गं वाल्टट्राउट, नवा कोट वाटतं?" पाववाल्यानं ते ऐकलं आणि दुपारपर्यंत सगळ्या ओबरलिंडाख गावाला कळलं.

मुलगा एग्बर्ट म्हणाला, "आई, गाडीची किल्ली दे आता."

"देते की. तुझ्या बायकोला परवाना मिळाला की तिच्याच हातात देते. तू आठवडाभर हॅम्बुर्गला जहाजांची इंजिनं उघडत बसणार. मग बटाटे काय कबुतरं आणून टाकणार?"

झालं! सुनेला, डार्लीनला, परवाना मिळावा म्हणून पाद्र्यापासून पाववाल्यापर्यंत सगळे देव पाण्यात घालून बसले.

आता ही डार्लीन काही नवशिकी नव्हती. अमेरिकेत, माँटानात, बापाचा गव्हाचा ट्रक ती तेराव्या वर्षापासून बर्फातून हाकत होती. पण तिच्या राज्याचा परवाना इथं चालत नाही. तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी, तोंडावर मुरमं असलेल्या पोरांच्या रांगेत बसून ती पहिल्यापासून शिकली.

पहिल्या परीक्षेत लाल दिवा होता. डार्लीन थांबली, दोन्हीकडे नीट पाहिलं आणि लाल दिव्यातच सावकाश उजवीकडे वळली. मागे बसलेल्या परीक्षकांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"आमच्याकडे चालतं हो," ती म्हणाली.

"तुमच्याकडे चालत असेल. इथं दिवा लाल आहे," परीक्षक म्हणाले. नापास.

दुसऱ्या वेळी तिच्या हातानं घात केला. तिच्या गावाकडे चौकाच्या चारी बाजूंना थांबायची पाटी असते. जो आधी आला तो आधी जातो. दोघं बरोबर आले तर दोघंही हात हलवत बसतात, तू जा, नाही तू जा. सरळ रस्त्यावरही समोरच्याला स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून रामराम करायचा, ओळख असो की नसो. ओबरलिंडाखात तिनं अशी बोटं उचलली की माणसं पुढं जाऊन गाडी थांबवायची आणि टायर तपासायची.

तर त्या परीक्षेत चौकात मान हिचा होता आणि हिनं डावीकडच्याला हात केला, जा बाबा. तो जाईना. ही पुन्हा हात करी, तो डोळे वटारी. मागं भोंगे वाजायला लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिला शिकवणारे शॉयफेलेमास्तर कपाळ धरून म्हणाले, "बाई, मान मिळालाय तर घ्या ना! तुम्ही घेतल्याशिवाय बाकीच्यांनी जायचं कसं?"

"पण त्याला घाई दिसत होती."

"घाई हा नियम नाही."

तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी मास्तरांनी बजावलं, "काहीही होवो, हात स्टिअरिंगवर. आभाळ कोसळलं तरी." घरी डार्लीननं सासूला विनवलं, "आई, आजचा दिवस गाडी काढू नका." हेडविगबाई "बरं" म्हणाल्या. पण पोरगी नीट चालवते की नाही ते कोण बघणार? निघाल्या त्याही.

लिंडनच्या झाडाखालच्या चौकात, जिथं एकही पाटी नाही, डार्लीन आली. तिच्या उजवीकडून आल्या हेडविगबाई. त्यांच्या उजवीकडून पाववाला. त्याच्या उजवीकडून ट्रॅक्टर घेऊन शेतकरी ओट्मार. आणि ओट्मारच्या उजवीकडे कोण? डार्लीनच. चौघंही जर्मन कायद्याला धरून थांबले, आणि अडलं ना घोडं! प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी आहेच. ओट्मारनं इंजिन बंद करून डबा उघडला. पाववाला स्वतःचाच पाव खायला लागला.

डार्लीनचा हात शिवशिवत होता. तिनं शेजारी बसलेल्या मास्तरांकडे पाहिलं. मास्तर समोर बघत होते, देवळातल्या मूर्तीसारखे. शेवटी राहवलं नाही. हात उठलाच! तिनं सासूला खूण केली, जा.

हेडविगबाई हलल्या नाहीत. डार्लीननं आणखी मोठा हात केला. बाईंनी काच खाली करून हाक मारली, "कोण आहे तिकडे? का थांबलाय?"

इतक्या जवळून त्यांना हात दिसत नव्हता. सून दिसत नव्हती.

मग तिनं परीक्षेचा विचारच सोडला. सासूच्या आधी मान पाववाल्याचा, तेव्हा तो आपण वाटायचा नव्हे. आपल्या हातात आहे तो आपला. तिनं ओट्मारकडे वळून त्याला आपला मान देऊन टाकला. ओट्मारनं डब्याचं झाकण लावलं, मान हलवली आणि गेला. त्याच्यामागं पाववाला गेला. राहिल्या हेडविगबाई. डार्लीननं काच उघडली आणि माँटानात गुरांना हाक मारतात तशी आरोळी ठोकली, "आई, मोकळं आहे, या! सावकाश!"

"अगं बाई, तू होय!" म्हणत बाई निघून गेल्या.

डार्लीननं मग आपली गाडी काढली. "सांगून टाका नापास," ती म्हणाली.

परीक्षक बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, "चौघं अडले की एकानं आपला मान सोडायचा, हेही कायद्यातच आहे. पण सोडत कुणी नाही. मी इतकी वर्षं मागं बसतोय, आज पहिल्यांदा पाहिलं." पेनाला टोपण लावत त्यांनी विचारलं, "त्या उजवीकडच्या बाई कोण हो?"

"माझ्या सासूबाई."

"मग हा परवाना लवकर घरी न्या."

संध्याकाळी हेडविगबाईंनी किल्ली टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही उचलेनात. "मला चौकात तू दिसली नाहीस गं," त्या हळूच म्हणाल्या.

"मी तरी मास्तरांचं कुठं ऐकलं? हात उचललाच की."

बाई हसल्या आणि किल्ली पुढं सरकवली. "मी शेजारी बसणार. आणि उजवीकडे बघ म्हणून सांगणार."

"सांगा."

शनिवारी दोघी बटाटे आणायला निघाल्या. ट्रॅक्टरवरून ओट्मार आला, डार्लीननं दोन बोटं उचलली. त्यानंही टोपीला हात लावला. हेडविगबाई फणकारल्या, "हे काय अमेरिकन खूळ!" पण पुढच्या वळणावर त्यांनीच मांडीवरून दोन बोटं अलगद उचलली.

समोर पोस्टाची पेटी होती. डार्लीननंही पेटीला दोन बोटं केली.