पाण्यावरची पटाची जोडी

कुणाच्याही दारात गेले की ते आधी वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघायचे, मग माणसांकडे. माझ्या दुकानातही तसेच आले. मी चंद्रपुरात ऑटोचे हूड आणि शीट कव्हर शिवते. दुकानापुढे दोरीवर रेक्झिनचे तुकडे टांगलेले असतात. हा उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस त्या तुकड्यांपुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आहे तं खरी, पण मन नाई तिचं."

मी म्हटलं, "पोरीचं मन नसन तं कायले जबरदस्ती करता, भाऊ?"

"पोरीचं नाई हो बाई. हवेचं म्हणून राह्यलो."

अशी आमची ओळख झाली. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्याशी पहिलं वाक्य बोलतानाच आपण चुकतो आणि मग ती चूक जन्मभर पुरते. पुढे कितीतरी दिवस ते दुकानात शिरताना म्हणत, "काय बाई, पोरगी काय म्हणते आज?" आणि दोरीकडे बघत.

चामोर्शीकडच्या एका गावचे ते. सगळी नोकरी जहाजांवर काढलेली, म्हणून गावात जहाजभाऊ. खरं नाव त्यांच्या आधार कार्डालाच ठाऊक. निवृत्त झाल्यावर लोक घर बांधतात, ट्रॅक्टर घेतात. ह्यांनी मुंबईच्या कुठल्याशा क्लबाने काढून टाकलेली शर्यतीची होडी आणली, तीही तांदूळ घेऊन गेलेल्या ट्रकच्या परतीच्या फेरीत. दोन अरुंद, लांब होड्या शेजारी शेजारी, त्यांना जोडणारे दोन आडवे पाइप, मध्ये बसायला ताणलेली जाळी आणि जाळीपुढे एक उंच डोलकाठी. ह्या प्रकाराला कॅटामरान म्हणतात हे मला त्यांनीच शिकवलं. "म्हातारी झाली," म्हणत, "पण जात पळणारी आहे."

हा उपद्व्याप कशासाठी, तेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "सारी उमर मी पाण्यावर राह्यलो आन् आमची बुडी इथी चिखलात रोवणी करत राह्यली. एक डाव तिले शिडाखाली बसवतो. मंग आपलं काई मागणं नाई."

बुडी म्हणजे त्यांची बायको. तिचं उत्तर गावभर माहीत होतं : "मी नाई बसत."

नुसतं एवढंच नाही. धान कापणीला आलं की अंगण मोकळं पाहिजे, कापलेल्या धानाचे ढीग, पुंजणे, घालायचे आहेत, तोवर हे लाकूडसामान पाण्यात तरी जाईल नाही तर चुलीत, असं तिने बजावलं होतं. ते लाकूड नाही, फायबर आहे, चुलीत जळणार नाही, असं भाऊंनी समजावलं. "मंग कोंबड्या कोंडू," ती म्हणाली. उन्हाळ्यात तर तिने त्या ताणलेल्या जाळीवर मोहफुलं वाळत घातली. खालून वरून वारा, फुलं झकास वाळली. आजूबाजूच्या बायाही टोपल्या घेऊन येऊ लागल्या. भाऊ आपले एका कडेला बसून काथ्याने पाइप घासायचे आणि दर थोड्या वेळाने मिशीतली मोहफुलं झटकायचे.

शीड शिवायचं काम माझ्याकडे. कापड धड होतं, दोरा मात्र उन्हाने मेलेला, हात लावला की शिवण उसवायची. माझ्या दुकानात ते धूड मावेना, तेव्हा लग्नसराई संपल्यावर एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये पसरलं आणि मशीन जमिनीवर ठेवून शिवलं. मॅनेजर येऊन विचारून गेला, "मांडव बरा आहे, पण एवढा तिकोनी काऊन?" भाऊंनी त्याला समोर बसवून वाऱ्याचं सगळं शास्त्र सांगितलं. बिचारा पुन्हा फिरकला नाही.

डोलकाठीला तीन तारा धरून ठेवतात, एक पुढून, दोन बाजूंनी. त्या तपासायला भाऊ कापसाचा बोळा घेत आणि तारेवरून सावकाश फिरवत. कापूस अडकला की तिथे तारेचा पदर तुटलेला समजायचा. एक तार तशी निघाली, तर भाऊंनी तिन्ही बदलल्या. खाणीच्या क्रेनचं सामान विकणाऱ्याकडून नवी तार आणली. मी म्हटलं, "दोन तं चांगल्या होत्या." म्हणाले, "माझ्यापुरत्या चालल्या असत्या. बुडी बसनार आहे ना." ती नाही म्हणत होती आणि हे तिच्यासाठी तारा बदलत होते. मला तर बाई तेव्हा त्यांचा रागच आला, इतकं कुणी कुणासाठी करू नये.

पावसाळा सरला. गावचा मामा तलाव काठोकाठ भरला. (मालगुजारांच्या वेळचे हे तलाव, माजी मालगुजारीचं आमच्याकडे मामा झालं.) "शीड तुमी शिवलं, आता उभं होताना पाहा," असा निरोप आला आणि मी बसने गेले. तलावात मासे धरणारी ढिवर मंडळी आपापले डोंगे सोडून जमली होती. सगळ्यांनी मिळून डोलकाठी उभी केली, शीड वर चढलं, आणि माझ्या टाक्यांवर वारा बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

आता होडीवर दुसरं माणूस हवं. भाऊंच्या बाई तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, हाताची घडी घालून उभ्या. भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी आभाळाकडे. मग मला बसवलं. एक दोर हातात दिला आणि सांगितलं, "हे काई झालं तरी सोडू नका, मी म्हणन तवाच."

थोडं पुढे गेलो आणि हवेचं मन झालं. एका बाजूची होडी पाण्यावरून उचलली गेली. भाऊ ओरडले, "शीट सोडा! बाई, शीट सोडा!"

जहाजाच्या बोलीत त्या दोराला शीट म्हणतात. आमच्या ऑटोच्या धंद्यात शीट म्हणजे बसायची जागा. मी आज्ञाधारकपणे शीट सोडली. म्हणजे उठले आणि तलावात उडी मारली. दोर मात्र सोडला नाही, कारण काहीही झालं तरी सोडू नका असं सांगितलं होतं. होडी माझ्या मागोमाग आडवी झाली.

पाणी छातीएवढंच होतं. ढिवर हसून हसून बेजार. बाईही पदर तोंडाला लावून हसल्या, मग तशाच पाण्यात उतरल्या आणि सरळ नवऱ्यावर घसरल्या. "शीट काय, शीट काय लावलं? कासरा म्हणाव ना! कासरा ढिल्ला करा म्हटलं असतं तं या बाईले समजलं नसतं काय?"

होडी सरळ केली. दोन्ही होड्या शेजारी शेजारी तरंगू लागल्या. बाईंनी त्यांच्यावरचा गाळ हाताने निपटला.

"हे तं पटाची जोडी आहे," त्या म्हणाल्या.

शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. बाईंच्या वडिलांची जोडी तिकडे एटापल्लीपर्यंत नावाजलेली. तिला चारणं, धुणं, मालिश करणं, सगळं पोरीकडे. "पर बापानं मले कासरा कदी धरू देला नाई. बाईमानसानं पटात धरत नाई म्हने." हे त्या होडीला सांगत होत्या की नवऱ्याला, कळलं नाही.

भाऊंच्या मिशीतून पाणी गळत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांना माहीत नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसलंच. ते हळूच म्हणाले, "मंग आता धर."

"पाहू," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून होडीवरचं एकेक नाव बदललं. शीट गेली, कासरा आला. शीड चढवायचा दोर रहाटाचा झाला. डाव्या होडीचं नाव चांद्या, उजवीचं मोऱ्या. भाऊ दुकानात येऊन तक्रार करत, "आता मलेच समजून नाई राह्यलं, कोनता दोर कोनता." आणि तक्रार करताना तोंडावरचं हसू काही केल्या आवरायचं नाही.

धान पिवळं झालं तेव्हा फोन आला. "या. बुडी बसतो म्हणते."

मी पाळीवर उभी होते. भाऊ सुकाणूपाशी, बाई पुढे, नऊवारीचा काष्टा मारून, कासरा मनगटाला एक वेढा देऊन. वेढा देऊ नको म्हणून भाऊ सांगत होते, त्या ऐकत नव्हत्या. शीड भरलं. बाईंनी "हैऽऽ" करून अशी आरोळी ठोकली की काठावरचे बगळे उडाले. होडी तलाव कापत पार मधोमध गेली.

आणि हवा पडली. शीड लटकलं, दोघं तिथेच. ऊन उतरायला लागलं तरी झाडाचं पान हलेना. काठावरचे लोक हाका मारून थकले. शेवटी एक ढिवर त्यांना ओढून आणायला डोंगा घेऊन निघाला.

तो एकटाच परत आला.

"येत नाई म्हनते," डोंगा काठाला लावत तो म्हणाला. "बाई म्हनते, इतके वर्स म्या एकटीनं ह्यांची वाट पाह्यली. आता दोघं मिळून हवेची पाहू."