मावशी पतंगावर बसली तेव्हा

पंचफुला मावशी नसती, तर आज मी करडीच्या तलावात बुडालेला तरी असतो किंवा बिनलग्नाचा तरी. यातलं वाईट कोणतं, हे आमच्या घरात अजून ठरायचं आहे.

मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण, आमच्याच गावात दिलेली. तिचे उपकार आधीच सांगून टाकले, कारण पुढे हसण्याच्या नादात ते राहून जायचे, आणि ती हे सगळं कोणाकडून तरी वाचून घेणार आहे!

मी नववीतून शाळा सोडली आणि एका ठेकेदाराबरोबर गोव्याला गेलो. हॉटेलात भांडी घासता घासता किनाऱ्यावरच्या एका शाळेत लागलो. (शाळा सोडून पुन्हा शाळेतच! बाबांना हे अजून पटलेलं नाही.) तिथे मोठमोठी माणसं फी भरून पतंगाला लटकायला शिकतात. कमरेला पट्टा, पायाखाली फळी आणि वर आमच्या गोठ्याच्या छपराएवढा पतंग. पतंग ओढतो, माणूस पाण्यावरून पळतो. पतंगात पंपाने हवा भरणं, दोऱ्या तपासणं आणि वारा बघणं ही माझी कामं. एरवी मी घाबरट माणूस. बँकेत कोणाला पेन मागायचं तरी मी दोनदा रांगेतून परत फिरतो. पण वाऱ्याचं विचारा, मी सरपंचासारखा बोलतो!

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत कोणी उभं नसतं, म्हणून तो सरळ आणि एकसारखा येतो. वाटेत झाड, भिंत, टेकडी आली की त्याचं डोकं फिरतं. नाल्यातल्या धोंड्यामागे पाणी कसं गरगरतं, तसा तो अडथळ्यामागे गरगरतो. अडथळा जितका उंच, त्याच्या कितीतरी पट लांबपर्यंत मागचा वारा नासलेला. मधेच मेल्यासारखा पडतो, मधेच कानाखाली वाजवतो. हे मी परदेशी पाहुण्यांना हातवारे करून समजावतो. त्यांना समजतं. समजलं नाही ते आमच्या नातेवाइकांना.

"पोरगा काय करते?"

"गोव्यात असते. पतंग उडवते."

एवढ्यावर दोन सोयरिकी मोडल्या. एका पाहुण्याने तर चहाचा कप खाली ठेवून सांगितलं, "आमचा टिल्लू बी पतंग उडवते. आठ वर्साचा हाय. त्याले तं नाही देत कोणी पोरगी!"

तिसरी सोयरीक कोंढा गावची. मुलीचे वडील एसटीत कंडक्टर. ("गोंदिया जिल्हा अलग झाला ना, तवापासून नोकरीत हावो," हे त्यांनी जय भीम केल्याबरोबर सांगितलं.) मुलगी प्रज्ञा. चहा देताना तिने हळूच विचारलं, "समुद्राचा आवाज झोपू देते का रात्री?" पाहुण्यांनी मला पगार विचारला होता, शिक्षण विचारलं होतं, दारू विचारली होती. समुद्राचं कोणीच विचारलं नव्हतं. मी तिथेच गेलो कामातून. लग्न करीन तर हिच्याशीच!

पण कंडक्टरसाहेब तिकीट पाहिल्याशिवाय कोणावर विश्वास ठेवणारे नव्हते. म्हणाले, "पतंगावर माणूस चालते म्हणता ना? मंग दाखवा. दिसलं तं सोयरीक पक्की. नाही दिसलं तं जय भीम, आमी चाललो."

मालकाने दिलेला एक जुना, ठिगळ लावलेला पतंग मी घरच्यांना दाखवायला आणलाच होता. माझी छाती फुगली. समुद्र ज्याने पाहिला, त्याला गावचा तलाव म्हणजे काय? परात!

प्रज्ञाला घेऊन ते करडीला आले, तो मे महिना. पश्चिमेकडून गरम वारा सुटलेला. तलावात कमरेएवढं पाणी आणि गुडघ्याएवढा चिखल. पश्चिमेच्या काठावर आंब्या-चिंचेची जुनी झाडं आणि त्यांच्यामागे राइस मिल. म्हणजे त्या काठावर वारा नासलेला. समोरचा पूर्वेचा काठ उघडा, धानाच्या बांध्यांचा, म्हणजे रिकाम्या शेतांचा, तिथे वारा स्वच्छ. मी तिकडे निघालो, तर बाबांनी खुर्च्या झाडांखाली मांडलेल्या!

"बाबा, इथं वारा मरते."

"वारा मरते? अबे, तिकडं उन्हात माणूस मरन! पाव्हने सावलीत बसतीन. तू बी इथंच उडव."

"इथं धोका हाय बाबा."

"तू गोव्याचा मास्तर ना? मंग उडव ना बे सावलीत!"

सासरेबुवा ऐकत होते. (अजून झाले नव्हते, पण मनात मी त्यांना तेच म्हणत होतो.) मास्तर म्हटल्यावर मी विरघळलो. म्हटलं, होऊन जाऊ दे.

या नाटकाला मावशीला मुद्दाम बोलावलं नव्हतं. मागच्या सोयरिकीत तिने पाहुण्यांना "पोरगा चांगला हाय, फक्त भेदरट हाय" असं खरं खरं सांगून टाकलं होतं. म्हणून ती रागाने समोरच्या काठावर लुगडी धूत, दोरी बांधून वाळत घालत बसली होती.

पतंग धरायला बाबा पाण्यात उतरले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून. दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला मी. झाडांच्या आडोशाला वारा असा मेलेला, की पतंग बाबांच्या हातात वाळत घातलेल्या गोधडीसारखा लोंबत होता. काठावरून कंडक्टरसाहेबांनी विचारलं, "गाडी कवा सुटन?"

मी वारा शोधत एकेक पाऊल मागे सरत तलावाच्या मध्याकडे गेलो. बाबाही पतंग घेऊन सरकले. आणि अचानक एक झुळूक आली.

"सोडा बाबा!"

"कायले सोडू? महागाचा हाय ना!"

"सोडा म्हनतो ना!"

"फाटला तं?"

बाबांनी सोडला नाही. वाऱ्यानेच हिसकावला. बाबा चिखलात बसले आणि पतंग वर गेला. सरळ झाडांच्या शेंड्यांच्याही वर! आता शेंड्यांच्या वर वारा कसा असतो, हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. (मी स्वतःलाही सांगायला हवं होतं.) तिथे त्याला अडवणारं कोणीच नसतं. एका झटक्यात मी पाण्याबाहेर! काठावर टाळ्या पडल्या. खुर्चीतून आवाज आला, "वा! चालला!"

चाललो नव्हतो, नेला जात होतो! लगेच पतंग शेंड्यांमागच्या गरगरत्या वाऱ्यात शिरला. दोऱ्या ढिल्या. मी धप्पकन चिखलात. पुन्हा वारा लागला, पुन्हा हवेत. पुन्हा ढील, पुन्हा चिखल. नवीन ड्रायव्हरने क्लच सोडावा आणि गाडी जशी गचके खात जावी, तसा मी तलाव ओलांडत होतो. टाळ्या थांबल्या. आता नुसत्या "अगा बावा! अगा बावा!" अशा आरोळ्या.

अशा वेळी करायचं एवढंच असतं, की छातीजवळचं लाल हँडल ओढायचं. पतंगाचा जोर तिथल्या तिथे संपतो. हे मी शिकणाऱ्यांना रोज घसा फोडून सांगतो. आणि शिकणारा घाबरला की हँडल विसरतो आणि हातातली दोऱ्यांची दांडी आणखी घट्ट धरतो, म्हणून मी रोज त्यांना हसतो. त्या दिवशी मी दांडी इतकी घट्ट धरली होती, की बोटं उघडायला नंतर कोमट पाणी लागलं!

मधेच कुठेतरी माझी नवी हाफपॅन्ट चिखलानं ठेवून घेतली.

समोरच्या काठावर मावशीने मान वर केली. तिला वाटलं, कोणाच्या तरी मांडवाचं कापड उडालं. पतंग खाली आला तशी ती धावली आणि कापड पुन्हा उडू नये म्हणून जी बसली त्याच्यावर! मावशी अंगाने भरलेली बाई. ती बसल्यावर वारा असो, वादळ असो, विषय संपला. मी तिच्या पायाशी येऊन थांबलो.

"काहून रे सुमेध? पॅन्ट कुठी हाय?"

मी पतंगाचं टोक अंगावर ओढून घेतलं. तेवढ्यात पाळीवरून धापा टाकत सगळे आले. चिखलाने माखलेले बाबा, प्रज्ञा आणि सर्वांत पुढे कंडक्टरसाहेब. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "याले तुमी नोकरी म्हन्ता?"

संपलं. मी डोळे मिटले. पण मावशी पतंगावरून न उठताच म्हणाली, "तुमची यष्टी कधी बंद पडली नाही का, पाव्हने?"

"पडते ना."

"मंग उतरून धक्का मारता का नाही?"

"मारा लागते."

"तवा कंडक्टर राहता का नाही राहत?"

मग प्रज्ञा बोलली. आधी दोरीवरच्या ओल्या लुगड्यांकडे तिने बोट केलं. "बाबा, इथं पाहा, लुगडे कसे सरळ उडून राहिले. तिकडं झाडाखाली पान बी नव्हतं हालत. वारा इकडं हाय, तं खुर्च्या तिकडं मांडल्या कोनं?"

माझे बाबा एकदम आपल्या पॅन्टवरचा चिखल निरखू लागले. मी पतंगाखालून तिच्याकडे पाहतच राहिलो. अख्ख्या जिल्ह्यात माझं काम समजलेलं पहिलं माणूस! कंडक्टरसाहेबांनी लुगड्यांकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते पोट धरून हसत सुटले. "उठ बावा. सोयरीक पक्की!"

उठू कसा? मावशीनेच एक ओलं लुगडं माझ्या अंगावर फेकलं. माझ्या लग्नाची सुपारी मी लुगडं नेसून घेतली आहे.

तेव्हापासून मावशीचं एकच मागणं आहे, "मले समुद्र दाखवजो." दाखवीन मावशी, नक्की दाखवीन. आपण विमानाने जाऊ. फक्त वाळूवर आल्यावर इकडे तिकडे बघ, पाय भिजव, पण कृपा करून कोणाच्या पतंगावर बसू नकोस. मालकाला मी ही गोष्ट सांगितली, तर तो हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "तुझी मावशी किती पगार घेईल?"